केटल ग्रिल: दीड वर्ष उन्हात, वाऱ्यात आणि पावसात वापरून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू खोका उघडला, फोटो काढले आणि लिहिला असा नाहीये. दीड वर्ष झालं हा कोळशाचा ग्रिल आमच्याकडे आहे, जवळजवळ दर वीकेंडला पेटतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तरी आभाळाने काहीतरी खोडी काढलेलीच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोनतीन तक्रारी आहेत आणि तसंही या घाटाचे ग्रिल आता बऱ्याच कंपन्या काढतात, सगळ्यांचा सांगाडा एकच: खाली अर्धा गोल, वर अर्ध्या गोलाचं झाकण, तीन पाय, दोन चाकं. आमचा 22 इंची आहे, म्हणजे तोंड साधारण 56 सेंटीमीटर. दोघांसाठी हा मोठा आहे असं दुकानातला माणूस म्हणाला होता, नवरा पण तेच म्हणाला, आणि दोघंही चुकले, कसे ते पुढे सांगते.

आमचा वीकेंड असा असतो की एक दिवस घरी अंगणात आणि एक दिवस बाहेर जेवायला. कुठला दिवस कुठला हे ठरलेलं नसतं, ते हवामान ठरवतं. ग्रिल माझं खातं, बाहेर कुठे जायचं ते नवऱ्याचं खातं, आणि फोनवरचं हवामानाचं ॲप हे पण त्याचंच खातं, ते तो शेअर बाजार बघावा तसं दर दहा मिनिटांनी बघतो. "अगं चाळीस टक्के दाखवतंय" असं म्हणतो आणि माझ्याकडे असं बघतो की जणू मीच तो पाऊस मागवलाय. तर ते चाळीस टक्के म्हणजे चाळीस टक्के वेळ पाऊस पडणार असं नसतं, किती जोरात पडणार तेही त्यात नसतं, तर त्या भागातल्या एखाद्या ठिकाणी त्या मुदतीत मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता तेवढी. म्हणजे दहापैकी सहा वेळा आपण कोरडेच राहतो. हे मी त्याला किमान वीस वेळा सांगितलंय, असो.

आधी आमच्याकडे एक उघडा ग्रिल होता, नुसता पत्र्याचा ट्रे आणि वर जाळी. वारा नसेल तर तो ठीक, पण वारा आला की एका कोपऱ्यातले निखारे लालभडक फुलायचे, दुसरीकडे नुसती राख, आणि ती राख उडून जेवणावर बसायची. चिकन वरून करपलेलं आणि हाडापाशी गुलाबी, असं दोनदा झाल्यावर मी तो देऊन टाकला. मग नवीन शोधताना कळलं की हा गोल ग्रिल जन्मालाच या वैतागातून आलाय. 1952 साली शिकागोकडे जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे, आणि हा घरच्या उघड्या ग्रिलवर वाऱ्याने इतका कंटाळला की त्याने बोयाचा गोळा घेऊन त्याचा खालचा अर्धा भाग भांडं केला आणि वरचा झाकण, पाय लावले, मूठ लावली. सत्तर वर्षं होऊन गेली, घाट तोच आहे. हे वाचून मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आणि दीड वर्षानंतर माझं मत तेच आहे, या वस्तूत पैसे मोजायचे ते झाकणाचे. बाकी जाळी काय, पाय काय, कुठेही मिळतात.

झाकणाचं काम मला कळायला तीन वीकेंड लागले. खाली हवा आत यायला झडपा आहेत, वर झाकणाला धूर बाहेर जायला झडपा आहेत. खालच्या उघडल्या की कोळशाला हवा मिळते, आच वाढते, खालच्या अर्ध्या लावल्या की आच उतरते, एवढंच गणित. वरच्या मी शक्यतो उघड्याच ठेवते, कारण वरच्या बंद केल्या की आत धूर कोंडतो आणि जेवणाला कडवट चव येते. पहिल्या वेळी मी उलटं करत होते, आच जास्त झाली की घाबरून झाकण उघडायचे. झाकण उघडलं की आतली गरम हवा निघून जाते हे खरं, पण कोळशाला एकदम भरपूर हवा मिळते आणि तो अजूनच पेटतो, आणि थेंब थेंब गळणाऱ्या चरबीचा भडका उडतो. भडका उडाला तर झाकण लावायचं. हे एक वाक्य कोणी मला आधी सांगितलं असतं तर माझ्या उजव्या हातावरचे केस शाबूत राहिले असते.

आता मोठा आकार का, ते सांगते. सगळा कोळसा एका बाजूला ढकलायचा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची. कोळशाच्या बाजूला धग, रिकाम्या बाजूला नुसती गरम हवा. चिकनच्या तंगड्या आधी रिकाम्या बाजूला झाकण लावून पस्तीस-चाळीस मिनिटं, ओव्हनमध्ये ठेवल्यासारख्या, आणि शेवटी दोन-तीन मिनिटं निखाऱ्यावर, म्हणजे कातडी खरपूस होते. लहान ग्रिलमध्ये ही रिकामी बाजू उरतच नाही, सगळीकडे धगच धग, त्यामुळे माणसं दोन असोत की आठ, जागा लागतेच. नवरा आता हे पाहुण्यांना स्वतःच्या शोधासारखं सांगतो.

पेटवण्याबद्दल. रॉकेल-बिकेल किंवा ते बाटलीतलं पेटवायचं द्रव अजिबात वापरू नका, वास जेवणाला लागतो. पत्र्याची चिमणी मिळते, नळकांड्यासारखी, ती ग्रिलबरोबर आली नव्हती, वेगळी घ्यावी लागली, पण तिच्याशिवाय हा ग्रिल घेऊच नका. खाली दोन कागदांचे बोळे, वर कोळसा, काडी लावायची आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. वरच्या कोळशांवर करडी राख दिसायला लागली की ओतायचं. दोघांना अर्धी चिमणी पुरते. कोळसा दोन प्रकारचा वापरून बघितला, एक लाकडाचे ओबडधोबड तुकडे आणि एक दाबून केलेल्या सारख्या आकाराच्या वड्या. लाकडी तुकडे पटकन पेटतात, आच जबरदस्त, राख कमी, पण ठिणग्या उडतात आणि पिशवीच्या तळाला अर्धा चुराच असतो. वड्या सावकाश आणि एकसारख्या जळतात, राख खूप होते. पटकन होणाऱ्या मासळीला, भोपळी मिरचीला मी लाकडी वापरते आणि तंगड्यांना वड्या. हे माझं मत, वादाला तयार आहे.

हवामानाचं सांगते, कारण त्यासाठीच तर लिहायला बसले.

वारा. झाकण असल्यावर वारा जेवणाला लागत नाही पण झडपांना लागतो. खालची झडप वाऱ्याच्या तोंडाला आली की भाता लावल्यासारखं होतं, आतली आच बघता बघता वर जाते, म्हणून जोराचा वारा असेल तर मी ग्रिल थोडा फिरवते आणि खालच्या झडपा निम्म्याहून जास्त लावते. चाकं दोनच आहेत त्यामुळे फिरवताना तिसरा पाय उचलून ढकलावं लागतं, पेटलेला असताना हे अजिबात करू नका, वाऱ्याचा अंदाज आधी घ्या. मी एकदा केलंय आणि जाळीवरचे अर्धे बटाटे गवतात गेले.

भुरभुर पाऊस. याने काहीच बिघडत नाही, खरंच. झाकणावर थेंब पडून चुर्र चुर्र होतं, पाण्याने झाकण थोडं गार पडतं म्हणून वेळ जरा जास्त लागतो, दर पाच मिनिटांनी उघडून बघायची सवय मात्र सोडावी लागते. मला हा सगळ्यात आवडता प्रकार आहे. आपण पत्र्याखाली उभं राहायचं, कॉफी हातात, समोर अंगणात तो काळा गोळा एकटाच भिजत धूर सोडतोय. नवरा आतून विचारतो "जमतंय ना?", बाहेर येत नाही. पण मोह झाला तरी ग्रिल पत्र्याखाली ओढू नका आणि त्याच्यावर छत्री धरू नका, घरापासून तीनेक मीटर लांबच बरा. आणि बंद जागेत, गॅरेजमध्ये, काचा लावलेल्या बाल्कनीत, तंबूत तर कधीच नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही तो येतच असतो. "आता विझलाच आहे, उबेला आत घेऊ" असं कोणाच्या डोक्यात येत असेल तर ते तिथेच सोडून द्या.

विजांचा पाऊस. इथे माझा हट्ट संपतो. ढग भरून आलेले असताना एकदम गार वाऱ्याचा झोत आला की समजायचं, तो वादळी ढगातून खाली कोसळून पुढे पसरलेला वारा असतो, पाऊस बऱ्याचदा त्याच्या मागोमाग काही मिनिटांत येतो. आम्हाला ॲपपेक्षा हाच झोत जास्त वेळा खरं सांगून गेलाय. आणि गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत, मग उघड्यावर हातभर लांब चिमटा घेऊन उभं राहण्यात काही शौर्य नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून 30 मिनिटं बाहेर जायचं नाही हा नियम आम्ही पाळतो.

मग पेटवलेल्या कोळशाचं काय? तर इथे झाकण दुसऱ्यांदा कामाला येतं आणि हे मला विकत घेताना माहीतच नव्हतं. वरच्या खालच्या सगळ्या झडपा बंद केल्या की हवा तुटते आणि कोळसा आपोआप विझतो, पाणी ओतायचं नाही, आणि उरलेला काळा कोळसा पुढच्या वेळी चिमणीत नव्याबरोबर परत घालता येतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तंगड्यांना मसाला लावून झालेला, कोळसा नुकताच ओतलेला, आणि तो गार झोत आला. मी झाकण लावलं, झडपा लावल्या, तंगड्या फ्रीजमध्ये, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका, शर्ट बदलून तयार. पण लगेच नाही निघालो, लगेच निघूही नका, झडपा लावल्यावरही तासभर तरी धग असते. पाऊस थांबला, अर्धा तास थांबलो, गोळा हात लावण्याइतका गार झाला मग निघालो. तोपर्यंत दोघांना इतकी भूक लागली होती की पहिल्या दिसलेल्या हॉटेलात शिरलो आणि काय खाल्लं ते आठवत पण नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, त्याच कोळशावर त्याच तंगड्या, रात्रभर मुरलेल्या. इतक्या चांगल्या परत झाल्या नाहीत.

उघड्या ग्रिलवर हे शक्यच नव्हतं. तिथे एकदा पेटवलं की पेटवलं, मग पावसात भिजत शिजवा नाहीतर सगळं पाण्यात घाला. त्यामुळे शनिवारी सकाळपासून आमच्यात एक ताण असायचा, पेटवायचं की नाही, पेटवायचं की नाही. आता मी सरळ पेटवते. बेत बदलला तर झाकण आहे.

बाहेर जेवण याने कमी झालं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही, पण बदललं. आधी बाहेर गेलो की ग्रिल केलेलं काहीतरी मागवायचोच, आता कमी मागवतो, आणि मागवलं की मी ते उलटंपालटं करून बघते, हे नवऱ्याला फार लाजिरवाणं वाटतं. चांगल्या हॉटेलात मांसाच्या तुकड्याला वरून जो एकसारखा तपकिरी थर येतो तो मला घरी वर्षभर जमत नव्हता. कारण साधं निघालं. तो रंग आणि ती चव ज्या प्रक्रियेने येते तिला मेयार प्रक्रिया म्हणतात, लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, आणि ती जोमाने चालायला पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो. वर पाणी असेल तर ते उडून जाईपर्यंत पृष्ठभाग शंभराच्या आसपासच अडकतो, म्हणजे भाजण्याऐवजी वाफवणं चाललेलं असतं. मी मसाल्यातून काढलेला ओला तुकडा तसाच जाळीवर टाकत होते. आता कागदाने टिपून कोरडा करते, जाळी दहा मिनिटं झाकण लावून तापवते आणि मग टाकते, फरक डोळ्यांना दिसतो. हॉटेलातली भट्टी संध्याकाळभर तापलेलीच असते, त्यांना ही वाट बघावी लागत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी वरून आच देणारी शेगडी पण असते, तिला सॅलमँडर म्हणतात. तेवढं आपल्याला जमणार नाही. पण धुराचा तो हलका वास जो झाकणाखाली येतो तो मला बाहेर फार कमी ठिकाणी मिळालाय.

बाहेर उघड्यावरच्या टेबलावर बसलं की मात्र आमच्या भूमिका उलट्या होतात. मी आभाळाकडे बघत बसते, तो मजेत मेन्यू वाचतो. एकदा जेवण यायला आणि सर यायला एकच गाठ पडली, वेटरने प्लेट हातात घेऊनच आम्हाला आत पळवलं, आत जागा नव्हती, आम्ही दरवाजापाशी उभ्याने जेवलो. नवऱ्याच्या मते ती आमची या वर्षातली सगळ्यात भारी संध्याकाळ. मी काही बोलले नाही, पण झाकण असतं तर, असं मनात आलंच.

आता तक्रारी. झाकणावर जो तापमानाचा काटा आहे तो शोभेचा आहे असं समजा. तो घुमटाखालची हवा मोजतो, जाळीवर काय चाललंय ते नाही, आणि आमचा तर एका जोराच्या पावसानंतर आतून धुकट झालाय, आकडेच दिसत नाहीत. कंपनीला लिहिलं, बदलून देतो म्हणाले, चार महिने झाले. खुपसायचा डिजिटल थर्मामीटर वेगळा घ्या, तो हवाच. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे मी फ्रीजवर लावून ठेवलेत: चिकन आतून 74 अंश, खिमा 71, मासा 63. हाडाला टेकवू नका, जाड भागात खुपसा. रंग बघून ठरवायचे तेव्हा मी दर वेळी घाबरून चिकन कोरडं ठणठणीत करायचे.

दुसरी तक्रार, झाकणाच्या कडेचं इनॅमल. पहिल्याच महिन्यात झाकण माझ्या हातून फरशीवर पडलं (माझी चूक, मान्य), कडेचा टवका उडाला आणि तिथे आता गंज धरलाय. अख्ख्या जागी दीड वर्षात डागसुद्धा नाही, म्हणजे मुलामा चांगलाय, पण कडेला पातळ आहे. झाकण खाली ठेवायची वेळच येऊ नये म्हणून आत एक आकडा दिलेला असतो, त्याने ते भांड्याच्या कडेला लटकतं. तो आकडा मला सात महिन्यांनी दिसला.

तिसरी, राखेचं ताट. खाली उघडं ताट आहे, वाऱ्यात राख उडते आणि पावसात तिथे पाणी साठतं. भिजलेली राख सिमेंटसारखी बसते आणि धातूला खाते, म्हणून पावसाळी वीकेंडनंतर राख काढायचा कंटाळा अजिबात चालत नाही. पण गरम राख पण काढायची नाही, आतला एखादा निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो, आम्ही दोन दिवस जाऊ देतो आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. जास्त पैसे दिले तर बंद राखपेटीचं मॉडेल येतं. मी तेव्हा वाचवले ते पैसे, आता वाटतं वाचवायला नको होते.

साफसफाईला तारेचा ब्रश बरोबर आला होता, तो फेकून दिला. त्याचे केस तुटून जाळीला चिकटतात आणि तिथून जेवणात जातात, लोकांना दवाखान्यात जावं लागलंय त्यापायी. जाळी गरम असताना अर्धा कांदा काट्याला टोचून घासा, किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा चिमट्यात धरून. कव्हर घ्याच, पण ग्रिल पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावर घाला. आणि कोळशाची पिशवी अंगणात ठेवू नका, कोळसा हवेतला ओलावा पितो, मग चिमणी अर्धा तास नुसती धुमसत बसते.

कोणी घ्यावा? ज्यांना घरी आल्यावर वीस मिनिटांत जेवायचंय त्यांनी घेऊ नका, गॅसचा घ्या, बटण दाबा आणि मोकळे व्हा. इथे काडी लावल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंत सव्वा तास धरा. त्यातली चाळीस मिनिटं झाकण बंद असतं आणि तुम्हाला काहीच करायचं नसतं, उघडून बघायचं पण नसतं. आम्ही दोघं आठवड्यात एवढं सलग बोलत नाही जेवढं त्या चाळीस मिनिटांत बोलतो, म्हणजे बरंचसं बोलणं हवामानावरच असतं, पण बोलतो. साडेचार स्टार, अर्धा त्या धुकट काट्याचा कापला.

आत्ता लिहितेय तर बाहेर ऊन आहे आणि पश्चिमेकडून एक मोठा करडा ढग येतोय. आतून आवाज आलाय, पंचावन्न टक्के. चिमणीत कोळसा भरून ठेवलाय, काड्यांची पेटी सापडत नाहीये, आणि मला दाट संशय आहे की ती त्याच्या खिशात आहे.